बालकांचे संरक्षण : लोकजागृतीची योग्य दिशा

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या विषयावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केले, तो चारचौघांत उच्चारण्याचा विषय नव्हे, असेच आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानण्यात आले. बालकांवरील अत्याचार, त्यातही लैंगिक अत्याचार, ही उंबरठ्याआड ठेवावयाची गोष्ट. ती बाहेर फुटली तर घराण्याची अब्रू जाते, अशी आपली समजूत. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी म्हणही आपण सोयीने पुढे करतो. परंतु या मुठीत झाकले जाते ते एका मुलाचे दुःख, आणि मूठ जितकी घट्ट आवळावी तितका अत्याचार करणारा निर्धास्त होतो. म्हणूनच या विषयात लोकजागृतीला शोभेचे नव्हे, तर प्रत्यक्ष संरक्षणाचे मोल आहे. मात्र ती जागृती कशाची करावयाची, कोणामध्ये करावयाची आणि कोणत्या मार्गाने करावयाची, याचा विचार नीट झाला नाही, तर तिच्यातून लाभाऐवजी हानीही होऊ शकते. आज मी मुख्यतः याच अंगाने काही विचार आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रश्नाची व्याप्ती

केंद्र शासनाच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ साली एक देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र व गोवा यांसह १३ राज्यांतील १२,४४७ बालकांशी त्या पाहणीत संवाद साधण्यात आला होता. तिच्या निष्कर्षांनी अनेकांच्या गैरसमजुतींना धक्का दिला. दर तीन बालकांपैकी दोन बालकांनी शारीरिक छळ अनुभवला होता. ५३ टक्क्यांहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हते. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शाळेत मार खाल्ला होता. आणि सर्वांत विषण्ण करणारी गोष्ट अशी की, लैंगिक अत्याचार सोसलेल्या बहुसंख्य मुलांनी ती घटना कोणालाही सांगितलेली नव्हती.

ही आकडेवारी ऐकून आपण सुस्कारा टाकू आणि पुढे जाऊ. परंतु तिच्यातील अखेरची बाब क्षणभर मनात ठेवावी, अशी माझी विनंती आहे. मूल सांगत नाही. का सांगत नाही? आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही असे त्याला वाटते. आपलीच काही चूक झाली असावी असे वाटते. घरात भांडण होईल, शाळा बंद होईल, ही भीती वाटते. आणि कित्येकदा तर घडले ते सांगण्यासाठी लागणारे शब्दच त्याच्यापाशी नसतात. शरीराच्या काही अवयवांची नावे आपण त्याला कधी शिकवलेलीच नसतात. ज्या गोष्टीला नाव नाही, तिची तक्रार मुलाने कशी करावी?

कुंपणच शेत खाते तेव्हा

याच पाहणीत असेही आढळले की, अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्म्या व्यक्ती मुलाच्या ओळखीच्या किंवा विश्वासाच्या स्थानी असलेल्या होत्या. पोलिसांकडे नोंदल्या जाणाऱ्या गंभीर गुन्ह्यांत तर हे प्रमाण आणखी मोठे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडील अहवालांनुसार बालकांवरील बलात्काराच्या प्रकारच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी पीडित बालकाच्या परिचयाचे असतात. नातेवाईक, शेजारी, कुटुंबाचे स्नेही, शिकवणारे, वाहन चालविणारे, मुलांची देखभाल करणारे, अशा वर्तुळात हा धोका असतो. कुंपणच शेत खाते, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

असे असूनही आपली पूर्वापार शिकवण कोणती? ‘अनोळखी माणसाने खाऊ दिला तर घेऊ नकोस.’ ही सूचना चुकीची नाही, पण ती अपुरी आहे. ती मुलाची नजर गावकुसाबाहेर वळवते आणि घराच्या ओसरीवरील धोका नजरेआड करते. शिवाय परक्याविषयीच्या भयाला अफवेची जोड मिळाली, तर काय घडते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे होती. आणि हा प्रकार घडला तो ग्रामपंचायतीच्या खोलीत! मुलांच्या रक्षणाची कळकळ ज्ञानावाचून आणि कायद्यावाचून मोकाट सुटली, की ती कोणत्या थराला जाते, याचे याहून दारुण उदाहरण नाही. येथे बसलेल्या प्रत्येक पंचायत सदस्याने ते ध्यानी ठेवावे. भय पसरविणे म्हणजे जागृती करणे नव्हे.

कायद्याने सोपविलेले कार्य

संयुक्त राष्ट्रसंघाने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली आणि भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी ती मान्य केली. त्यानंतर वीस वर्षांनी, १४ नोव्हेंबर २०१२ पासून, ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम’ देशात अंमलात आला. पोक्सो या नावाने तो आता सर्वपरिचित आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, या कायद्याच्या दृष्टीने बालक आहे.

या कायद्यातील शिक्षेच्या कलमांची चर्चा पुष्कळ होते. पण कलम ४३ क्वचितच वाचले जाते. अधिनियमातील तरतुदींना दूरचित्रवाणी, आकाशवाणी, वृत्तपत्रे आदी माध्यमांतून नियमितपणे व्यापक प्रसिद्धी द्यावी आणि संबंधित अधिकाऱ्यांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यावे, असे बंधन त्या कलमाने केंद्र व राज्य शासनांवर घातले आहे. म्हणजे लोकजागृती ही येथे कोणाची मर्जी वा हौस नसून कायद्याने नेमून दिलेले काम आहे. आजचा हा वर्गही त्याच कर्तव्याचा भाग होय.

दुसरे महत्त्वाचे कलम १९. असा गुन्हा घडल्याची माहिती, किंवा घडण्याची शक्यता, ज्या व्यक्तीला कळली, तिने ती पोलिसांना कळविलीच पाहिजे. हे बंधन आईवडिलांवर आहे, शिक्षकांवर आहे, डॉक्टरांवर आहे, सरपंचांवर आहे. न कळविणाऱ्यास कलम २१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. उलटपक्षी, सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यास कायद्याने पूर्ण संरक्षण दिले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी विद्यार्थिनींच्या प्रकरणात, माहिती असूनही ती कळविली नाही असा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धची कारवाई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो आदेश बाजूला सारला आणि माहिती दडविणे हा गंभीर अपराध असल्याचे स्पष्ट केले. ‘आपल्याला काय करायचे आहे’ ही भूमिका आता कायद्याला मान्य नाही.

स्वीडनचा अनुभव

कायदा आणि जागृती यांची सांगड कशी घालावी, याचा एक धडा स्वीडन या देशाने घालून दिला आहे. मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास, अगदी आईवडिलांनाही, मनाई करणारा जगातील पहिला कायदा त्या देशाने १ जुलै १९७९ पासून अंमलात आणला. त्या मनाईबरोबर कोणतीही नवी शिक्षा जोडलेली नव्हती. लोकांचे मन वळविणे हाच तिचा हेतू होता. तो साधण्यासाठी शासनाने मुले असलेल्या प्रत्येक घरी एक माहितीपुस्तिका पोहोचविली. परदेशांतून आलेल्या कुटुंबांसाठी तिची अन्य भाषांतही भाषांतरे केली. आणि पुढे सुमारे दोन महिने दुधाच्या खोक्यांवर या कायद्याची माहिती छापली. सकाळी न्याहारीला बसलेल्या आईवडिलांनी आणि मुलांनी ती एकाच वेळी वाचावी, ही त्यामागील योजना. दोनच वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक कुटुंबांना हा कायदा ठाऊक झाला होता.

या उदाहरणात घेण्याजोगे तीन गुण आहेत. संदेश एकच होता आणि तो स्पष्ट होता. तो घरोघरी, रोजच्या वापरातील वस्तूवरून पोहोचला. आणि तो मुलांच्या व मोठ्यांच्या कानी एकदमच पडला. आपल्याकडे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस मनाई केली आहे. परंतु छडीवाचून विद्या नाही, ही समजूत अद्याप किती पालकांच्या आणि शिक्षकांच्या मनांत घर करून आहे, हे आपण जाणताच. ज्या मुलाला मोठ्यांचा मार मुकाट्याने सोसण्याची सवय लागली, ते मोठ्यांनी केलेला अन्य अत्याचारही मुकाट्याने सोसते. म्हणून हे दोन प्रश्न वेगळे मानता येत नाहीत.

आपल्या मोहिमा : सामर्थ्य आणि उणिवा

आपल्या देशातही मोठे प्रयत्न झाले आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून १९९६ साली मुंबईत ‘चाइल्डलाइन’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली आणि १०९८ हा क्रमांक पुढे देशभर पोहोचला. २०२३ पासून ही सेवा ‘मिशन वात्सल्य’अंतर्गत शासकीय यंत्रणेमार्फत चालविली जाते. ती निःशुल्क असून अहोरात्र उपलब्ध आहे. चाइल्डलाइनने तयार केलेला ‘कोमल’ हा छोटा चित्रपट असंख्य शाळांतून दाखविण्यात आला. १३ मे २०१२ रोजी ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात या विषयाला वाचा फुटली आणि त्याच महिन्यात संसदेने पोक्सो विधेयक संमत केले. २०१७ साली कैलाश सत्यार्थी यांनी ११ सप्टेंबर ते १६ ऑक्टोबर या काळात कन्याकुमारीपासून दिल्लीपर्यंत ‘भारत यात्रा’ काढली. मुंबईतील ‘अर्पण’सारख्या संस्था शाळाशाळांतून मुलांना वैयक्तिक सुरक्षिततेचे शिक्षण देत आहेत.

तरीही आपल्या गावपातळीवरील मोहिमांचे स्वरूप पाहिले, तर तेरड्याचा रंग तीन दिवस, असेच पुष्कळदा म्हणावे लागते. बालदिनाच्या आसपास प्रभातफेरी निघते, मुलांच्या हाती फलक दिले जातात, प्रतिज्ञा होते, छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवशी सर्व पूर्ववत होते. फेरीत चालतात मुले. रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहतात मोठी माणसे. वास्तविक फलक ज्यांच्या हाती असावयास हवेत, ते मोठेच येथे प्रेक्षक ठरतात. दुसरा दोष असा की, ‘अत्याचार थांबवा’ एवढेच भित्तिपत्रकावर लिहिलेले असते. कोणी, कोठे, कोणाला सांगावयाचे, हे लिहिलेले नसते. तिसरा दोष करुणाजनक चित्रांचा. रडणाऱ्या मुलाचे चित्र पाहणाऱ्याच्या मनात कणव उत्पन्न करते, पण अत्याचार सोसणाऱ्या मुलाला त्यात स्वतःसाठी काहीच सापडत नाही. पीडित बालकाची ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करणे तर कायद्याने दंडनीय आहे. व्याख्यानातही गावातील घटनेचा नामनिर्देश टाळलाच पाहिजे.

मुलांना काय सांगावे

मुलांना सांगावयाच्या गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. आपले शरीर आपले आहे. शरीराच्या सर्व अवयवांना योग्य नावे आहेत व ती उच्चारण्यात लाज नाही. नको वाटणाऱ्या स्पर्शाला, मग तो कोणाचाही असो, ‘नको’ म्हणता येते. वाढदिवसाच्या भेटीचे गुपित ठेवावे. पण ज्या गुपिताने पोटात गोळा उठतो, ते ठेवू नये. एका मोठ्या माणसाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगावे, दुसऱ्याने ऐकले नाही तर तिसऱ्याला सांगावे, आणि जे घडले त्यात आपला दोष नाही. आज या यादीत मोबाइल दूरध्वनीचीही भर घालावी लागते. कोणी छायाचित्रे मागितली, धमकावले, तर तेही याच रीतीने सांगावे.

परंतु घरातील रीत याला विसंगत असेल, तर शाळेतील पाठ वाया जातो. पाहुणे आले की, मूल अंग चोरत असतानाही ‘काकांना पापा दे’ असा आग्रह आपण धरतो. मोठ्यांचे सर्व काही ऐकावे, उलट बोलू नये, हीच सुसंस्कृतपणाची खूण मानतो. वडीलधाऱ्यांचा आदर हा आपल्या संस्कृतीचा मोठा ठेवा आहे. पण आदर म्हणजे स्वतःच्या शरीरावरील हक्क सोडणे नव्हे, एवढा विवेक मुलांना देण्याने त्या ठेव्याला कमीपणा येत नाही.

मोठ्यांना काय सांगावे

मुलाला ‘सांग’ म्हणून शिकविणे हे निम्मेच काम आहे. मूल जेव्हा खरोखर सांगते, तेव्हा समोरचा माणूस काय करतो, यावर सारे अवलंबून असते. पहिल्यांदा सांगितले आणि चापट मिळाली, तर ते मूल पुन्हा वर्षानुवर्षे तोंड उघडत नाही. म्हणून मोहिमेचा मोठा भाग मोठ्यांसाठी असावा.

मुलाचे बोलणे शांतपणे ऐकावे. त्याच्यावर विश्वास ठेवावा. ‘तू तिथे गेलासच कशाला’ असा प्रश्न चुकूनही विचारू नये. खोदून खोदून तपशील काढू नये. तपास हे आपले काम नाही. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते आपल्याला पाळता येणार नाही. ‘तू सांगितलेस हे चांगले केलेस’ एवढे मात्र अवश्य म्हणावे. मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे टिपून ठेवावेत आणि १०९८ वर, ११२ वर अथवा पोलीस ठाण्यात कळवावे. संशयिताला आधी बोलावून जाब विचारण्याची घाई करू नये. त्यामुळे मुलावर दडपण येते आणि पुरावा नष्ट होतो.

पोलिसांची भीती अनेकांना रोखते. म्हणून कायद्यातील सोयीही लोकांना सांगितल्या पाहिजेत. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करावयाची असते. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला कळवावयाचे असते. राज्य शासनाच्या ‘मनोधैर्य’ योजनेतून पीडित बालकास अर्थसाहाय्य व मानसिक आधार मिळू शकतो. या गोष्टी ठाऊक झाल्या की, कित्येक आईवडिलांचा पाय घराबाहेर पडेल.

गावातच मिटविण्याचा मोह

आता पंचायत सदस्यांना उद्देशून एक गोष्ट स्पष्टपणे सांगावयाची आहे. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने बांधावरची, वाटेवरची, भाऊबंदकीची किती तरी भांडणे गावातच मिटविली. ते कार्य अभिनंदनीय होते. परंतु त्या सवयीने मुलावरील अत्याचाराचे प्रकरणही चावडीवर बसून, काही रक्कम देऊन वा माफी मागवून मिटविण्याचा मोह होतो. मुलीच्या भवितव्याची चिंता, गावाचे नाव, दोन्ही घरांचे संबंध, अशी कारणे पुढे येतात. हा तंटा नव्हे. दोन पक्षांतील वाद मिटतो. येथे एका बाजूला मूल आहे आणि दुसऱ्या बाजूला गुन्हा. या गुन्ह्यांत तडजोड कायद्याला मंजूर नाही, आणि ती करविणारा स्वतः माहिती दडविल्याच्या आरोपास पात्र होतो. शिवाय माफी मागून सुटलेला माणूस त्याच गावात, त्याच मुलाच्या वाटेवर राहतो. त्या मुलाने पुढे कोणाकडे पाहावे?

यशाची कसोटी

शेवटी यशाच्या मोजमापाविषयी. २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावागावांत स्पर्धा लावली आणि पुष्कळ गावांचा कायापालट केला. बालसंरक्षणाच्या कामात मात्र तशी स्पर्धा लावणे धोक्याचे ठरेल. ‘आमच्या गावात एकही प्रकरण नाही’ यासाठी पारितोषिक ठेवले, तर प्रकरणे थांबणार नाहीत, दडविली जातील. जागृतीनंतर काही काळ तक्रारी वाढल्या, तर त्या गावाला वा शाळेला दोष देऊ नये. लोकांचा विश्वास जडला, असा त्याचा अर्थ असू शकतो. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी हे ध्यानी घेतले, तरच कनिष्ठांना खरे कळविण्याचे धैर्य होईल.

तक्रारींच्या संख्येऐवजी वेगळ्या गोष्टी मोजाव्यात. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीची बैठक खरोखर होते काय? शाळेतील तक्रारपेटी ठरल्या वेळी उघडली जाते काय आणि तिच्यातील चिठ्ठीचे पुढे काय झाले? सखी सावित्री समितीच्या सदस्यांची नावे मुलींना ठाऊक आहेत काय? वसतिगृहात, आश्रमशाळेत, ऊसतोडीसाठी गेलेल्या आईवडिलांच्या मागे राहिलेल्या मुलांपर्यंत कोणी पोहोचते काय? चौथीतल्या कोणत्याही मुलाला थांबवून विचारले, तर तो १०९८ हा क्रमांक सांगू शकतो काय?

गाडगेबाबांची कीर्तनाची रीत आपणांस माहीत आहे. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत. आपल्या ग्रामसभेत, महिला बचत गटाच्या बैठकीत, पालकसभेत हीच रीत वापरावी. लांबलचक भाषणापेक्षा एकच प्रश्न विचारावा : उद्या सकाळी एखादे मूल तुमच्यापाशी येऊन असे काही सांगू लागले, तर तुम्ही पहिले वाक्य कोणते बोलाल? प्रत्येकाला उत्तर देऊ द्यावे. चुकले तर सांभाळून घ्यावे, पुन्हा विचारावे. पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय आपण घ्यावा, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवतो.